मेटॅलिकाचा '७२ सीझन्स': कात्री कोणाकडे होती?

पामम्यूट | १७ एप्रिल २०२३

मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचा हा नवा अल्बम शुक्रवारी आला, शनिवार-रविवार त्यातच गेले. इथे अजून कुणी धागा काढलेला दिसत नाही, म्हणून मीच काढतो. मारायला येऊ नका.

थेट सांगतो. गाणी आवडली, अल्बम आवडला नाही.

'लक्स इटर्ना' नोव्हेंबरात आलं, साडेतीन मिनिटांच्या आत काम तमाम करून गेलं. मग 'स्क्रीमिंग सुइसाइड', मग 'इफ डार्कनेस हॅड अ सन', मग शीर्षकगीत. चारही सुटी सुटी ऐकली तेव्हा मी खूश होतो. तीच चार आता बाकीच्या आठांच्या रांगेत बसली आणि पाचव्या गाण्याला माझे कान जड झाले. बारा गाणी, ७७ मिनिटं, आणि त्यातला मोठा भाग मधल्या वेगाचा. ठेवणही तीच: रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा), कडवं, कोरस, पुन्हा सगळं, मधला तुकडा, सोलो, परत कोरस. जवळजवळ प्रत्येक गाण्यात एक जागा अशी येते की इथे थांबले असते तर झकास झालं असतं. तिथे ते थांबत नाहीत. अजून दीड मिनिट चालवतात.

त्यांचाच १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाण्यांचा, ५५ मिनिटांचा. स्लेयर या बँडच्या 'रेन इन ब्लड'मध्ये दहा गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. संपल्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून लावतो. '७२ सीझन्स' संपल्यावर मी पाणी प्यायला उठलो.

या वेळी निर्माते तिघं: ग्रेग फिडेलमन आणि बँडमधलेच दोघे, गायक-गिटारवादक हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उलरिक. कंपनी 'ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज', तीही बँडचीच. मग त्या खोलीत "हे कापा" असं म्हणणारा माणूस कोण होता? मला वाटतं कुणीच नव्हता, आणि या अल्बमचं जे काही बिघडलंय ते तिथेच बिघडलंय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.


जुनं खोड | १७ एप्रिल २०२३

प्रकाश टाकायला वीज १९९१ मध्येच, 'ब्लॅक अल्बम'बरोबर गेली. तेव्हापासून दर अल्बमला "या वेळी परत थ्रॅश" (म्हणजे सुसाट वेगाचं मेटल) अशी दवंडी पिटतात आणि दर वेळी आम्ही भाबडे रांगेत उभे. 'लक्स इटर्ना' हे आमिष होतं. आठवा, मागच्या अल्बमच्या वेळी, २०१६ ला, 'हार्डवायर्ड' हेच गाणं आधी सोडलं होतं. तेही सव्वातीन मिनिटांच्या आतबाहेर, तेही सुसाट. आणि मागून आली अर्ध्या वेगाची फौज. तोच डाव, तेच आपण.

मी एकदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकणार नाही.


खरखर | १७ एप्रिल २०२३

@जुनं खोड, हेच तुम्ही २०१६ ला लिहिलं होतंत. २००८ लाही. आणि त्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'ला आता तुम्हीच "तेवढा एक बरा" म्हणता. सात वर्षांनी '७२ सीझन्स'ची पाळी. वाट बघतो. (हलके घ्या.)


डबल बेस | १७ एप्रिल २०२३

धागाकर्त्याशी निम्मा सहमत.

लार्सवर बोलू द्या, कारण इतर ठिकाणी सगळे त्याच्यावरच तुटून पडलेत. हो, साधं वाजवलंय. 'डायर्स ईव्ह' वाजवणारा पंचविशीतला मुलगा वेगळा होता, हा साठीला टेकलेला माणूस आहे. पण साधं वाजवणं हा दोष नाही. दोष असा की त्याच चार-पाच सवयी प्रत्येक गाण्यात येतात. कोरसच्या आधीची तीच स्नेअरची (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमची) लगड, कडव्यातली तीच सरळ चाल. एका गाण्यात ऐकलं तर नेटकं वाटतं. बारा गाण्यांत ऐकलं की पुढचा फिल (ड्रमचा मधला छोटा तुकडा) कधी पडणार हे कानाला आधीच कळतं, आणि कळलं की मजा गेली. पामम्यूटला जी लांबी वाटतेय ती मला तरी लांबी वाटत नाही, पुनरावृत्ती वाटते. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणंच साडेआठ मिनिटांचं आहे, कुणी तक्रार करतं का? कारण मध्यावर ते गाणं घर बदलतं. सगळं शांत होतं, जोडगिटार येतात, आणि मग परत चढत जातं. इथे 'यू मस्ट बर्न' सात मिनिटं एकाच खोलीत येरझाऱ्या घालतं.

ध्वनीबद्दल मात्र पूर्ण गुण. 'डेथ मॅग्नेटिक'च्या वेळी आवाज इतका दाबून भरला होता की गिटारच्या खेळातली आवृत्ती मूळ सीडीपेक्षा चांगली वाजते म्हणून लोक ती शोधत फिरत होते. या वेळी प्रत्येक वाद्याला श्वास आहे.


चौथी तार | १८ एप्रिल २०२३

बेसवाल्यांच्या वतीने आनंदाचे दोन अश्रू. शीर्षकगीत उघडतं कशाने? बेसने. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे' उघडतं कशाने? बेस आणि ड्रम्स. 'इनामोराटा'च्या पोटात सगळे गप्प होतात आणि बेसवादक रॉब एकटा बोलतो. तीन गाण्यांच्या रचनेत त्याचं नाव आहे. २००३ पासून हा माणूस या बँडमध्ये आहे आणि माझ्या मते पहिल्यांदाच बँडनेही ते लक्षात घेतलंय.

१९८८ च्या 'जस्टिस'मध्ये तेव्हाचा बेसवादक न्यूस्टेडचं काय केलं ते आठवा. बेस खाली करा, अजून खाली करा असं बँडमधूनच सांगण्यात आलं, हे मिक्स करणाऱ्यांनी नंतर सांगितलेलं आहे. तेव्हा तुमच्या त्या "कापा" म्हणणाऱ्या माणसाची मला जरा भीतीच वाटते. कात्री हातात आली की पहिल्यांदा आमच्याच तारा कापतात.


पामम्यूट | १८ एप्रिल २०२३

@चौथी तार, मुद्दा मान्य, पण 'जस्टिस' हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथेही नको म्हणणारा नव्हता. तीन वर्षांनी निर्माता म्हणून बॉब रॉक आला आणि 'एंटर सँडमन'चे आधी लिहिलेले शब्द "हे चालणार नाही" म्हणून हेटफील्डला परत लिहायला लावले. हेटफील्ड भडकला, पण लिहून आणले. निकाल जगासमोर आहे. असा माणूस हवा.


खरखर | १८ एप्रिल २०२३

बॉब रॉक २००३ च्या 'सेंट अँगर'लाही होता. नुसता होता नाही, बेसही त्यानेच वाजवला. त्यातल्या त्या डबड्यासारख्या वाजणाऱ्या स्नेअरला कुणी "हे चालणार नाही" म्हटल्याचं ऐकिवात नाही.


डबल बेस | १८ एप्रिल २०२३

😂 वरच्याला +१

आमच्या सरावाच्या खोलीत स्नेअरची जाळी चुकून सुटी राहिली की अजूनही सगळे त्याच अल्बमचं नाव घेऊन ओरडतात.


नवखी | १८ एप्रिल २०२३

या धाग्यावर अजून कुणी शब्दांबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून लिहिते. (मी मेटॅलिकाकडे अगदी अलीकडे वळले, तेव्हा "तुम्ही तेव्हा जन्माला तरी आला होतात का" हा प्रतिसाद आधीच वजा धरून चालते.)

७२ ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं. त्या वर्षांत आपण कोण आहोत हे दुसऱ्यांनी आपल्याला सांगितलेलं असतं, आणि पुढचा जन्म ते निभावण्यात किंवा त्याच्याशी भांडण्यात जातो, अशी अल्बममागची कल्पना. हेटफील्डच्या बाबतीत ही नुसती कल्पना नाही. घरात ख्रिश्चन सायन्सची कडक श्रद्धा, औषधोपचार निषिद्ध. वडील घर सोडून गेले. आई कर्करोगाने गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. या एका घरावर तो आयुष्यभर लिहीत आलाय. १९८८ च्या 'डायर्स ईव्ह'मध्ये तो आईवडिलांवर अक्षरशः ओरडतो. १९९१ मध्ये 'द गॉड दॅट फेल्ड', तिथे राग थंड आणि जास्त टोकदार आहे. १९९६ मध्ये 'मामा सेड', तिथे माफी मागायला उशीर झालाय.

आणि आता? आता तो स्वतः बाप आहे, साठीला आलाय, २०१९ मध्ये व्यसनमुक्तीसाठी पुन्हा उपचार घ्यायला गेला तेव्हा बँडला दौरा पुढे ढकलावा लागला. या अल्बममध्ये तो कुणावर ओरडत नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आरोप करायला समोर कुणी उरलं नाही, तर मग हा अंधार कुणाचा, असं तो विचारतो. 'स्क्रीमिंग सुइसाइड'मध्ये आत्महत्येचा विचारच 'मी' होऊन बोलतो. 'इनामोराटा'मध्ये दुःख ही प्रेयसी आहे. तिच्याशिवाय करमत नाही आणि तिच्याबरोबर जगता येत नाही. हे लिहायला अठ्ठावनाव्या-एकोणसाठाव्या वर्षापर्यंत यावंच लागत असेल.

तुम्हाला जे "परत तेच" वाटतंय ना, तेच मला या विषयाला शोभणारं वाटतं. ज्याला एकच विचार पुन्हा पुन्हा छळतो त्याचं गाणं असंच गोल गोल फिरणार.


डबल बेस | १८ एप्रिल २०२३

सुंदर प्रतिसाद. पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. विषय कंटाळ्याचा आहे म्हणून गाणं कंटाळवाणं चालेल, हा युक्तिवाद मान्य केला तर कुठल्याही भिकार गाण्याला सुटका आहे.


नवखी | १८ एप्रिल २०२३

कंटाळा आणि छळ यात फरक आहे, काका.


डबल बेस | १८ एप्रिल २०२३

काका?! 🙁


जुनं खोड | १९ एप्रिल २०२३

शब्द वगैरे ठीक. व्यसनातून बाहेर आला याचा मलाही आनंद आहे, माणूस म्हणून. पण सहानुभूती वेगळी आणि रिफ वेगळा. गिटारवादक कर्क हॅमेटच्या सोलोंबद्दल सगळे मूग गिळून का बसलेत? वाह पेडलवर (गिटारचा आवाज 'वाव-वाव' करणाऱ्या पायपट्टीवर) पाय चिकटवून ठेवलाय. 'लक्स इटर्ना'चा सोलो कुणी मला गुणगुणून दाखवावा. 'फेड टू ब्लॅक'चा शेवट मी झोपेत गुणगुणतो.

१९८३ मध्ये एक्सोडस या थ्रॅश बँडमधून आलेला, गिटारवादक सॅट्रियानीकडे शिकलेला पोरगा होता हा. एकेक सोलो बांधून आणायचा. आता म्हणे सगळं उत्स्फूर्त. वीस-तीस सोलो वाजवून टाकायचे, आणि निवडायचं काम लार्स आणि फिडेलमनने करायचं. हा काय प्रकार आहे?


चौथी तार | १९ एप्रिल २०२३

पण याच माणसाचा फोन 'हार्डवायर्ड'च्या आधी हरवला, त्यात अडीचशेच्या आसपास रिफ गेले, आणि त्या अल्बमच्या रचनेत त्याचं नावच आलं नाही. या वेळी शीर्षकगीतासकट तो रचनेत परत आलाय. तुम्ही सोलो मोजताय, तो रिफ घेऊन आलाय.

आणि सोलोंबद्दल: 'इनामोराटा' आणि 'रूम ऑफ मिरर्स' यांच्या शेवटाकडच्या जोडगिटार ऐका. ते उत्स्फूर्त नाही, नीट बसवलेलं आहे. मला तर त्यात थिन लिझी (जोडगिटारवाला जुना रॉक बँड) ऐकू येते.


जुनं खोड | १९ एप्रिल २०२३

थिन लिझी ऐकायची असेल तर मी थिन लिझी लावीन.


खरखर | १९ एप्रिल २०२३

अवांतर: याच शुक्रवारी, १४ एप्रिललाच, ओव्हरकिल या थ्रॅश बँडचा 'स्कॉर्च्ड' आलाय. त्यांचा विसावा अल्बम. त्यांचा गायक ब्लिट्झ हेटफील्डपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे आणि अजून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळतो. त्यावर या संस्थळावर किती धागे निघाले? शून्य. "परत थ्रॅश हवा" म्हणून गळा काढणाऱ्यांना थ्रॅश शेजारच्या फळीवर ठेवलेला होता. कुणी हात लावला नाही.

एक्सोडसने २०२१ ला 'पर्सोना नॉन ग्राटा' दिला, क्रिएटरने मागच्या वर्षी 'हेट युबर आलेस', टेस्टामेंटने २०२० ला 'टायटन्स ऑफ क्रिएशन'. थ्रॅशची काही टंचाई नाही. तुम्हाला थ्रॅश नकोय, तुम्हाला १९८६ हवंय, आणि तेही मेटॅलिकाच्याच हातून.


जुनं खोड | १९ एप्रिल २०२३

'स्कॉर्च्ड' मी ऐकलाय. दुकान उघडायच्या आधी ऐकलाय म्हणा. उत्तम आहे. आणि हेच तर म्हणतोय मी! ओव्हरकिलला जमतं, मग यांना का जमू नये? हात नाहीत की मन नाही?


डबल बेस | १९ एप्रिल २०२३

गरज नाही. ओव्हरकिलच्या मैफलीला येणारा माणूस ओव्हरकिलसाठीच येतो. मेटॅलिकाच्या मैदानात पन्नास-साठ हजार लोक असतात, त्यातल्या निम्म्यांना सुसाट 'बॅटरी' आणि संथ 'नथिंग एल्स मॅटर्स' एकाच रात्री हवं असतं. सुसाट वेगाचा रिफ मोठ्या मैदानात घुमून चिखल होतो, मधल्या वेगाचा रिफ पोचतो. 'सॅड बट ट्रू' मैदानासाठीच जन्मलेलं गाणं आहे, आणि 'यू मस्ट बर्न' त्याची धाकटी बहीण. हा आळस नव्हे, सवय आहे. तीस वर्षं ज्या जागेत वाजवाल त्या जागेसारखं लिहायला लागता.

हे मला पटतं असं नाही. पण असं होतं.


(जुनं खोड आणि खरखर यांच्यातले पुढचे काही प्रतिसाद वैयक्तिक रोखाचे असल्याने काढले आहेत. अल्बमवर बोला, एकमेकांच्या वयावर नको. - संपादक)


खरखर | २० एप्रिल २०२३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


तबकडी | २२ एप्रिल २०२३

उशिरा आलो. माझी प्रत काल हातात पडली, आणि ती ऐकल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पामम्यूट यांचा प्रश्न मला फार आवडला, पण उत्तर माणसांत शोधताय म्हणून चुकतंय असं वाटतं. कात्री कुठल्याच माणसाकडे नव्हती. कात्री तबकडीकडे होती.

एलपीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण बावीस मिनिटं मावतात. त्याहून जास्त भरली तर खोबणी बारीक होते, आवाज उतरतो, आधी बेस जातो. म्हणजे एका तबकडीत पाऊण तास, ओढूनताणून थोडं अधिक. 'किल 'एम ऑल' ५१ मिनिटं, 'राइड द लाइटनिंग' त्याहून कमी, 'मास्टर' ५५. त्या वयात त्यांच्याकडे संयम होता असं कुणी मला सांगू नये. वीस-बावीस वर्षांच्या पोरांकडे कसला संयम? खोबणी संपत होती म्हणून गाणी संपत होती. 'जस्टिस' ६५ मिनिटांचा झाला, तो एका तबकडीत मावेना म्हणून दोन तबकड्यांत काढावा लागला. बांध तिथेच फुटायला लागला होता.

मग सीडीचं राज्य आलं. १९९६ चा 'लोड' किती मिनिटांचा आहे? ७८ मिनिटं ५९ सेकंद. सीडीत जेवढं मावतं तेवढं भरलं, आणि तरी 'दि आउटलॉ टॉर्न'चा शेवट मावला नाही म्हणून कापला. तो न कापलेला शेवट त्यांनी नंतर एका सिंगलवर वेगळा दिला, आणि नावातच टोमणा मारला की ही आवृत्ती कारखान्याच्या बंधनांतून मुक्त आहे. बँडला कापायला लावणारी शेवटची वस्तू ती सीडी होती. लोडपासून आजपर्यंत त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा एकही स्टुडिओ अल्बम ७४ मिनिटांच्या खाली आलेला नाही. बॉब रॉक असो, रिक रुबिन असो, फिडेलमन असो. निर्माते बदलले, मिनिटं तीच. मग निर्मात्याचा काय दोष?

आता गंमत. '७२ सीझन्स' दोन तबकड्यांवर आहे, चार बाजू. दर वीसेक मिनिटांनी उठायचं, बाजू बदलायची. आणि तुम्हाला सांगतो, असा ऐकला तर थकवा येत नाही. प्रत्येक बाजू एक छोटी भेट होते. शेवटची बाजू, जिच्यात 'इनामोराटा' आहे, ती तर मी परत परत लावतोय. धाग्यावर ज्यांना अल्बम आवडला नाही त्यांनी तो कसा ऐकला हे सांगावं. मला अंदाज आहे: सलग, एका बैठकीत, चालता-चालता किंवा काम करता-करता.


पामम्यूट | २२ एप्रिल २०२३

या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली.

तरी एक शंका. मग इतर बँडांचं काय? सीडी त्यांनाही मिळाली, सगळ्यांनी काही ७७ मिनिटं भरली नाहीत. जागा आहे म्हणून सामान भरायलाच हवं असं थोडंच आहे.


तबकडी | २२ एप्रिल २०२३

बरोबर. जागा मिळाल्यावर कोण किती भरतो हा स्वभावाचा प्रश्न. आणि हेटफील्ड-उलरिक या दोघांचा स्वभाव साठवण्याचा आहे. दौऱ्यावर असताना मंचामागच्या खोलीत जे जे वाजवतात ते सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवतात, नंतर त्या ढिगातून गाणी काढतात. ढीग मोठा, एकेक रिफ लाडका. कुठला टाकायचा?


नवखी | २३ एप्रिल २०२३

'इनामोराटा'वर सगळ्यांचं एकमत होतंय असं दिसतं. सव्वाअकरा मिनिटांना थोडंसंच कमी. त्यांच्या स्वतःच्या अल्बमांसाठी त्यांनी लिहिलेलं सगळ्यात लांब गाणं आणि तेच कुणाला लांब वाटत नाही.


डबल बेस | २३ एप्रिल २०२३

कारण ते घर बदलतं. मी म्हटलं होतं.


चौथी तार | २३ एप्रिल २०२३

कारण त्यात बेस ऐकू येतो. मीही म्हटलं होतं.


जुनं खोड | २५ एप्रिल २०२३

'इनामोराटा' तेवढं वेगळं काढून ऐकलं. मधला भाग बरा आहे. ब्लॅक सॅबथ (मेटलचा आद्य बँड) पचवलेला दिसतो. बाकी मत तेच.


खरखर | २५ एप्रिल २०२३

सात वर्षं लागतील म्हटलं होतं, आठवड्यातच सुरुवात झाली 😄


डबल बेस | १२ मे २०२३

दौरा सुरू झाला. प्रत्येक शहरात दोन रात्री, एकही गाणं दुसऱ्या रात्री परत नाही. मंच मैदानाच्या मधोमध गोल, प्रेक्षक आतही आणि बाहेरही, आणि चार कोपऱ्यांना चार ड्रमसेट. लार्स गाण्यांच्या मध्ये जागा बदलतो. चित्रफिती बघितल्या. शीर्षकगीत आणि 'शॅडोज फॉलो' प्रत्यक्षात वेगळीच वाटतात, चिमूटभर वेग वाढलाय आणि तेवढाच हवा होता.


पामम्यूट | ५ फेब्रुवारी २०२४

धागा वर काढतोय. '७२ सीझन्स' या गाण्याला मेटलचं ग्रॅमी.


खरखर | ५ फेब्रुवारी २०२४

ज्यांनी १९८९ मध्ये 'जस्टिस' समोर असताना जेथ्रो टल या रॉक बँडला दिलं, त्यांनीच ना? मग अल्बम वाईट आहे हे सिद्ध झालं.


जुनं खोड | ५ फेब्रुवारी २०२४

आयुष्यात पहिल्यांदा खरखर यांच्याशी सहमत.


पामम्यूट | ६ फेब्रुवारी २०२४

या निमित्ताने बऱ्याच महिन्यांनी परत ऐकला, आणि तबकडींच्या प्रतिसादावरून एक उद्योग केला. समजा, १९८६ ची खोबणी असती तर? एका तबकडीत कसंबसं मावेल इतकंच ठेवायचं. माझी निवड, याच क्रमाने:

७२ सीझन्स, शॅडोज फॉलो, स्क्रीमिंग सुइसाइड, लक्स इटर्ना. बाजू पलटा. इफ डार्कनेस हॅड अ सन, टू फार गॉन, रूम ऑफ मिरर्स, इनामोराटा.

आठ गाणी, साधारण ५१ मिनिटं. 'किल 'एम ऑल'एवढीच! बाकीची चार, म्हणजे 'स्लीपवॉक', 'यू मस्ट बर्न', 'क्राउन ऑफ बार्ब्ड वायर' आणि 'चेसिंग लाइट', बाहेर. साडेसव्वीस मिनिटं वाचली. असा ऐकला तर हा 'जस्टिस'नंतरचा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम आहे, हे मी शुद्धीत लिहितोय.


तबकडी | ६ फेब्रुवारी २०२४

दुसरी बाजू अठ्ठावीस मिनिटांची होतेय. बेस उडणार.


चौथी तार | ६ फेब्रुवारी २०२४

आणि 'स्लीपवॉक' काढलंत! ज्याची सुरुवातच बेसवर आहे ते! मी आधीच सांगितलं होतं, कात्री आली की काय होतं ते.


नवखी | ६ फेब्रुवारी २०२४

'चेसिंग लाइट' बाहेर? ते काढलंत तर अल्बममध्ये कुणीच कुणाला हात देत नाही. 'टू फार गॉन' काढा हवं तर.


डबल बेस | ६ फेब्रुवारी २०२४

'टू फार गॉन'ला हात लावू नका. वेग असलेली गाणी आहेतच किती! 'स्क्रीमिंग सुइसाइड' काढा, 'क्राउन' आत घ्या.


जुनं खोड | ७ फेब्रुवारी २०२४

'क्राउन' अजिबात नको. पहिल्या बाजूला 'लक्स' आधी घ्या, शीर्षकगीत दुसऱ्या बाजूला टाका. आणि 'शॅडोज फॉलो'चं शेवटचं मिनिट कापा.


खरखर | ७ फेब्रुवारी २०२४

दुसऱ्यांदा ऐकणार नव्हतात ना?